राहतबीचं दळण

चूक सगळी सुभेदार हैबतखानाची. त्याला सुलतानापुढे मिरवायचं होतं. म्हणून त्याने हुकूम सोडला: शाह झरीफ रबाबींची सगळी गाणी आठ दिवसांत वहीत उतरवा. एक शब्द सुटला तर दर्ग्याला कुलूप!

शाह झरीफ म्हणजे निंभोऱ्याचे पीर. शंभर वर्षं आधी ते रबाब वाजवत दारोदार फिरले, गाणी रचली, आणि कागदावर एक ओळ ठेवली नाही. आता दुष्काळ पडला होता. सुभेदाराचं कोठार बंद. दर्ग्याच्या लंगरात एक वेळची आंबील मिळायची, तिच्यावर गाव जगत होतं. कुलूप लागलं की तीही गेली.

दर्ग्यातले म्हातारे छाती काढून पुढे आले. "तीनशे साठ गाणी, हुजूर! आम्हाला तोंडपाठ!" गायला बसले तर निघाली अकरा, आणि बाराव्यावरून एकमेकांच्या दाढ्या धरल्या. मग कुणाकडे तरी बोट दाखवायला हवंच ना! "बायका दळताना गातात, हुजूर. त्या पिंजाऱ्याच्या राहतबीला विचारा!"

राहतबीला दरबारात उभं केलं.

"गा!"

"येत नाही."

"घरी येतं, आणि इथं येत नाही?"

"हातात जात्याचा खुंटा नसला की शब्द आठवत नाहीत, हुजूर. पीरबाबांनी आमच्या पणजीला शिकवलं तेच जात्यापाशी बसून."

जातं आणलं. राहतबी हाताची घडी घालून बसली.

"आता काय झालं?"

"रिकामं जातं फिरवत नाहीत. दगड दगडाला खातो. अम्मीजानना विचारा."

पडद्याआडून सुभेदाराच्या अम्मीजान खेकसल्या, "खरंय, गाढवा! एवढंही ठाऊक नाही?"

सुभेदाराने मूठभर जोंधळा टाकायला लावला. घरघर सुरू झाली, गाणंही सुरू झालं. दोन ओळींनंतर दोन्ही थांबली.

"पुढे?"

"दाणे संपले."

"अरे, पोतं आणा!"

"आणि पीठ कुणाचं, हुजूर?"

"जी दळेल तिचं! पिठाचं मी काय करू? मला गाणी हवीत!"

"एवढं लिहून ठेवा, मुन्शीजी," राहतबी म्हणाली.

तिला एकटीला नऊच गाणी येत होती. बाकीची गावभर पसरलेली, या घरी दोन, त्या घरी पाच. दुसऱ्या दिवशी कोठारापुढे शंभर जाती मांडली. बाया गात होत्या, मुन्शी लिहीत होते, घराघरांतून भाकरीचा वास येत होता.

सहाव्या दिवशी एक मुन्शी रडकुंडीला आला. "हुजूर, एकच गाणं सात बाया सात तऱ्हांनी गातात!"

सुभेदार कडाडला, "खरं कोणतं?"

"सातही!" राहतबी म्हणाली. "पीरबाबा दार बघून गायचे. जिचा नवरा लढाईत, तिला एक कडवं जास्त. आणि एक शब्द सुटता कामा नये, हे हुजूरच म्हणाले."

आठव्या दिवशी सुभेदार पाय आपटत आला. "राहतबी! ही गाणी संपणार तरी कधी?"

"कोठारात किती पोती उरलीत, हुजूर?"

"एकही नाही!"

"मग झाली की!"

सुभेदार आधी लाल झाला. मग पडद्याआडून अम्मीजान खो खो हसल्या, आणि त्याचंही हसू फुटलं. डोळे पुसत त्याने राहतबीला नदीकाठचा मळा दिला. उरुसात पहिलं गाणं जात्यावरचं, असंही ठरलं. बायांचं पीठ चाळायला म्हाताऱ्यांच्या हातात चाळण्या दिल्या.

वही सुलतानाकडे गेली. सुभेदाराचा चारशे पोती जोंधळा गावाच्या पोटात गेला.