टिटवीची हलवलेली अंडी

डोंगरातल्या एका खोऱ्यात, नदीला लागून एक वाडी होती. तिथे चिंधू नावाचा शेतकरी राहत होता. माणूस कष्टाळू, पण आपल्या बांधापलीकडे न बघणारा.

वाडीची भातखाचरं नदीकाठी होती. वरचा सपाट माळ एकट्या चिंधूचा; तिथे तो नाचणी घ्यायचा. वैशाखात टिटवी अंडी कुठे घालते, हे लोक डोळ्यांत तेल घालून बघायचे. अंडी नदीकाठी असली, तर पाऊस बेताचा. मग भाताची रोपं काठालाच करायची. अंडी माळावर असली, तर नदी फुगणार. मग सगळ्यांनी रोपं चिंधूच्या माळावर करायची, असा रिवाज होता. त्या साली चिंधूची नाचणी बुडालीच म्हणायची.

एका वैशाखात चिंधूला माळावरच्या खड्यांत टिटवीची अंडी दिसली. "झालं! पुन्हा माझ्याच गळ्यात!" तो चडफडला. आसपास कोणी नाही असं बघून त्याने अंडी पागोट्यात घेतली आणि नदीकाठच्या वाळूत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती लोकांना दिसली. सगळे निर्धास्त झाले. टिटवी मात्र माळावरच घिरट्या घालत ओरडत होती.

"काय रे चिंधू, अंडी खाली अन् पाखरू वर कसं?" म्हाताऱ्या ठकूबाईने विचारलं.

"पाखराला कुठली अक्कल, आजी!" चिंधू हसला. पण गंमत बघा, टिटवीच्या खुणेवर त्याचाही वाडीइतकाच विश्वास होता!

ज्येष्ठात सगळ्यांनी काठाला बी टाकलं. चिंधूची लेक हौसा वाडीतच दिलेली होती. तिनेही टाकलं. "आबा, यंदा तुमचा माळ मोकळा राहिला, बरं झालं," ती म्हणाली. चिंधूला तिच्याकडे बघवेना.

आषाढ लागला आणि पाऊस धरून बसला. लोक आपापल्या कामात होते. नदीचं पाणी बघायला एकटा चिंधू जायचा, पुन्हा पुन्हा जायचा. त्याला घास गोड लागेना. रोपं गेली तर वर्षभर खायचं काय? हौसाची पोरं काय खातील? सांगावं तर लोक तोंडात शेण घालतील. न सांगावं तर?

एका सकाळी पाणी गढूळ झालं. वरच्या रानातल्या मोडक्या फांद्या वाहत आल्या. चिंधू धावत वाडीत आला आणि ओरडला, "अंडी मी खाली नेली होती! रोपं उपटा, माळावर चला!"

ठकूबाई कडाडली, "मेल्या, तुझ्या लेकीचंही रोप खालीच आहे की रे!"

सगळे खाचरांकडे धावले. दिवसभर रोपांच्या जुड्या माळावर चढत होत्या. त्या रोवायला चिंधूने स्वतःच्या हाताने उभी नाचणी मोडून चिखल केला.

संध्याकाळी पाणी रिकाम्या वाफ्यांत शिरलं. आणखी किती चढेल, या धास्तीने सगळी वाडी माळाच्या कडेला उभी होती. चिंधू मात्र बांधाला टेकला आणि बसल्या जागी घोरायला लागला. ठकूबाई संतापून त्याला हलवायला निघाली.

"निजू द्या, आजी," हौसा म्हणाली. "शिव्या उद्या घाला, मीही घालणार आहे. पण ज्येष्ठापासून डोळ्याला डोळा नाही त्यांचा."

तात्पर्य एवढंच: दुसऱ्यांना खोटा धीर देणाऱ्याला सगळ्यांची भीती एकट्यालाच वाहावी लागते.