जुळला

त्या मुलखात वय तोंडात असे. जन्माची नोंद कोणी ठेवत नसे. वय विचारले की समोरच्याने तोंड उघडायचे आणि विचारणाऱ्याने दात मोजायचे. दुधाचे दात असले तर आदत. पुढचे दोन पडून पक्के आले की दोनदाती. मग चारदाती, सहादाती. आणि आठही पक्के आले की जुळला. मुलूख गाईबैलांचा होता, त्यामुळे यात कोणाला काही वावगे वाटत नसे. एके काळी 'जुळला' हा शब्द गोडही होता. खोंडाचे तोंड जुळले की घरातली थोरली गाय त्याचे कपाळ चाटी, त्याच्यापुढे सरकीचा घास ठेवी, आणि आमचा आता पुरता बैल झाला म्हणून चार गोठ्यांत सांगून येई.

मुलूख कोरडा होता. नांगरट तिथे सगळेच शिकत, पण नुसत्या नांगरटीवर जन्मभर ओढण्यापलीकडे काही मिळत नसे. त्यापुढची विद्या पठारावर होती. जमिनीखालचे पाणी हुंगून ओळखायला तिथे शिकवत, आणि ती विद्या घेऊन आलेल्याच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नसे. फक्त पठाराची वाट सात दिवसांची, उघड्या खडकाची. वाटेत गवताची काडी नाही. म्हणून दयाळू सरकारने वैरणीची उचल सुरू केली. सात दिवसांच्या पेंढ्या आज न्याव्यात, काम लागल्यावर परत कराव्यात. अटी दोनच होत्या. एका गोठ्याला एका वेळी एकच उचल, आणि जुळलेल्याला उचल नाही. जुळलेला शिकणार कधी आणि फेडणार कधी, असा त्यामागे विचार होता. विचार करणाऱ्या थोरांचे स्वतःचे दात हलायला लागले होते, पण त्यांना तोंड उघडा म्हणण्याची पद्धत नव्हती.

उचलीच्या खिडकीवर हरण्या दातमोज्या होता. पठारावरून शिकून आला तेव्हा सरकारने त्याला पाणी शोधायला लावण्याऐवजी या खिडकीत बसवले, आणि तोही बसला; सावली होती. आलेल्याच्या तोंडात बघायचे आणि शब्द पुकारायचा, एवढेच काम. पुकारलेला शब्द मागे घेता येत नसे. हरण्या आपल्या कामात काटेकोर होता, निदान तसे त्याला स्वतःला वाटे. गेल्या साली मुखियाचा भाचा आला होता. आठही दात पक्के, लख्ख. हरण्याने दारात उभी असलेली मामाची शिंगे पाहिली आणि 'सहादाती' असे पुकारले. त्या दिवशी उजेड कमी होता, असे त्याने नंतर स्वतःला समजावले. त्या वेळी बाहेर लख्ख ऊन होते.

काजळ्या हा हरण्याचा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा हरण्याच्या तोंडात दुधाचे दातही पुरते नव्हते. काजळ्याने तेलाचा घाणा धरला आणि धाकट्याला वाढवले. घाण्याभोवती फिरताना दर फेरीला एका जागी त्याचे नाक आपोआप खाली जाई. पुढे तिथे खणले तर पुरुषभर खोलीवर पाणी लागले. पठारावर जायला हवा असा बैल मुलखात कोणी असेल तर तो हाच, असे तेव्हा सगळे म्हणत. काजळ्या सहादाती झाला आणि उचलीच्या रांगेत उभाही राहिला. पण त्याच साली हरण्यालाही पठारावर जायची घाई झाली, आणि गोठा एकच. काजळ्या रांगेतून बाजूला झाला. म्हणाला, "तू जा. माझे दात कुठे पळून चाललेत?" हरण्या गेला. एकदा नको म्हणून बघावे, हेदेखील त्याला सुचले नाही.

हरण्याची शेवटची पेंढी फिटली त्याच्या दुसऱ्या सकाळी काजळ्या खिडकीवर आला. हरण्याला आधी न सांगताच तो रांगेत उभा राहिला होता, पुढून सहावा. त्याला पाहताच हरण्या पहिल्या पाचांची तोंडे उगाच निरखून निरखून पाहू लागला. रांगेतले कोवळे बैल रवंथ करत होते आणि काजळ्याची टिंगल चालली होती. कोणाला पोचवायला आलात, असे एकाने विचारले. काजळ्या रवंथही करत नव्हता. ओठ घट्ट मिटून, नवखा उभा राहावा तसा तो उभा होता.

सहावा नंबर आला. हरण्या खाली बघत पुटपुटला, "दादा, घरी बोलला असतास तर..."

"इथं दादा नको, साहेब," काजळ्या हळूच म्हणाला. "मी जीभ फिरवून बघितलंय. कडेची शेवटची जोडी अजून पुरती वर आली नाही. अर्ध्यातच आहे. तुम्ही नीट बघा."

आणि त्याने तोंड उघडले.

त्या मुलखात कोणालाच स्वतःचे तोंड दिसत नसे. जिभेला लागेल तेवढेच कळे. कडेची जोडी खरोखरच बुटकी होती. पण ती उगवत नव्हती, झिजली होती. हरण्याने हजारो तोंडे पाहिली होती, त्याला फरक ओळखायला क्षणही लागला नाही. कडब्याचे बुडखे वर्षानुवर्षे चावले की दात असे झिजतात. काजळ्याने बुडखेच खाल्ले होते. पेंढीतला कोवळा पाला रोज कोणाच्या पुढ्यात यायचा, हे हरण्याला कोणी सांगायला नको होते. पाल्याला चव कशी होती तेवढे त्याला आठवत होते. दादा त्या वेळी काय खात होता, हे त्याने कधी मान वळवून पाहिलेच नव्हते.

दात इतके बुटके होते की 'सहादाती' म्हटले असते तरी कोणाला सहज खोटे वाटले नसते. पण शेजारच्या खिडकीतला कारकून मान लांब करून बघत होता. तुमच्याच गोठ्यातला ना, एवढेच तो हसत म्हणाला. मुखियाच्या भाच्याच्या वेळी हाच कारकून भिंतीकडे बघत बसला होता. हरण्याला आपली खिडकी दिसली, सावली दिसली. आपल्याला कोणी बोट दाखवू नये एवढेच त्याच्या मनात आले, आणि त्या क्षणी तो फार प्रामाणिक झाला.

"जुळला," त्याने पुकारले. गरजेपेक्षा मोठ्यांदा.

काजळ्याने तोंड मिटले. वाद घातला नाही, गयावया केली नाही. "असं होय," म्हणाला. "आपलं आपल्याला कळत नाही बघा." मागच्याला वाट देऊन तो बाजूला झाला. तुझे दात झिजलेत आणि ते माझ्यापायी झिजलेत, हे वाक्य हरण्याच्या तोंडात आले होते. पण सातवा तोंड उघडून उभा राहिला, आणि हरण्याने त्याचे दात मोजले.

दुपारी तीच खिडकी ओढकामासाठी उघडे. तिथे नियम उलटा होता. तोंड जुळल्याशिवाय सरकारी गाडीला कोणाला जुंपत नसत. कोवळ्या खांद्यांवर भार टाकणे सरकारला पसंत नव्हते. काजळ्या त्याही रांगेत होता. घरी जाऊन तरी काय करायचे होते? हरण्याने तोंड न बघताच शब्द पुकारला. या वेळी तो जेमतेम ऐकू गेला. कारकुनाने समाधानाने मान हलवली आणि असे भरल्या तोंडाचे बैल हल्ली मिळत नाहीत, असे कौतुकही केले.

त्या दिवशीचा माल होता उचलीच्या पेंढ्या. सकाळी ज्यांना उचल मंजूर झाली ते सहादाती मोकळ्या अंगाने पुढे निघणार आणि त्यांची वैरण गाडीतून मागोमाग जाणार. वैरण सरकारी असल्यामुळे ओढणाऱ्याच्या तोंडाला मुसके लागे, आणि ते बांधायचे काम दातमोज्याकडे होते. हरण्या सुताची जाळी दातांत धरून पुढे झाला. गाठ काही केल्या बसेना. काजळ्याने मान आणखी खाली घातली, धाकट्याला सोपे जावे म्हणून.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "वाटेत सुटलं तर पोरं हसतात."

हरण्याने घट्ट बांधले. गाडी करकरली. सात दिवसांची वैरण मागे घेऊन, बांधल्या तोंडाने, काजळ्या पठाराची वाट चढू लागला.