झुकायचं कुणी?

वळणावर आतल्या बाजूला झुकणारी ती प्रायोगिक वेगवान गाडी जुनी म्हणून भंगारात निघाली होती. इंजिनिअर इरावती गुप्ते यांनी झुकवणारी यंत्रणा नव्यानं बसवून तिला पुन्हा रुळावर आणलं. चाचणीला आलेले रेल्वे कंपनीचे अध्यक्ष मात्र गरजले, "आमची गाडी कुणापुढे झुकणार नाही! यंत्रणा काढा, नाहीतर गाडी मोडीत काढतो."

"आज यंत्रणा बंद ठेवूनच गाडी चालवते," इरावतीबाई शांतपणे म्हणाल्या. "आपण फक्त ताठ उभे राहा."

पहिल्याच वळणावर अध्यक्ष कमरेतून वाकले आणि त्यांनी समोरचा दांडा गच्च धरला.

"साहेब, झुकलात?"

"मग काय, पडू?"

"वळणावर कुणीतरी झुकायलाच हवं. गाडीला झुकू दिलंत, तर आपल्याला झुकावं लागणार नाही."

दांडा न सोडताच अध्यक्ष खदखदून हसले. "चालू करा बाई ती यंत्रणा!"