अंदाजाचं माप

"पण बाबा, हा घालणार कोण?"

उमरावगीरबाबांनी मान वर केली नाही. कोपरात फाटलेला एक जुना स्वेटर ते उसवत होते आणि निघालेली लोकर स्वतःच्या गुडघ्याभोवती गुंडाळत होते.

"लहान मूल," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"आधी विण तर खरा. बिनबाह्यांचा आहे. पुढची बाजू, मागची बाजू, खांदे जोडायचे, कडा शिवायच्या. झालं."

प्रभंजन गरुड गप्प बसला, पण हे गप्प बसणं ऐकून घेणाऱ्याचं नव्हतं. धुळ्याच्या कोर्टात त्याने भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला होता. सरळ प्रश्नाला आडवळणाने उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे त्याचं पक्कं मत होतं. डोंगरावरच्या या मठात बाबा होते, एक गाय होती आणि आता तो होता. लहान मूल औषधालाही नव्हतं.

आणि तो आला होता दीक्षा घ्यायला. वकिली सोडून, काळा कोट कुणाला तरी देऊन टाकून.

मठाचा नियम एकच होता. ज्याच्या मागे घर आहे, त्याने घरच्यांना विचारून यायचं. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मागे कोण?"

"कुणी नाही," प्रभंजनने पापणीही न हलवता सांगितलं होतं.

मागे बायको होती. शाल्मली नावाची मुलगी होती. घर सोडल्याला दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. पण समोरच्याला जे सिद्ध करता येणार नाही ते आपणहून सांगायचं नसतं, असं त्याने आयुष्यभर अशिलांना शिकवलं होतं. ते त्याच्या स्वतःच्या कामी आलं.

"दीक्षा कधी देणार, बाबा?"

"स्वेटर झाला की."

म्हणून तो विणायला बसला.

पहिले काही दिवस नुसता खेळखंडोबा चालला होता. सुलट टाका घालायचा, मग उलट, मग पुन्हा सुलट. खालची पट्टी संपली तेव्हा दोन सुया हातात धरून बसलेला हा धिप्पाड वकील पाहून गायसुद्धा रवंथ करायची थांबली असेल. त्याचे टाके इतके घट्ट पडत की दुसऱ्या ओळीत सुईचं टोक आत शिरेना.

"एवढं का आवळतोस?" बाबा म्हणाले. "लोकर काय पळून जाणार आहे?"

प्रभंजनने सुईचं टोक जोर लावून आत रेटलं. त्याचं अर्धं लक्ष सुयांवर असे आणि अर्धं बाबांवर.

दळण घेऊन तो खाली गावात गेला, तेव्हा गिरणीवाल्याने पिठाचे हात झटकत सहज विचारलं, "बाबा बरे आहेत ना? बाजारच्या दिवशी येतात पार्वताबाईकडे."

"कोण पार्वताबाई?"

"बोहारीण. शहरात भांडी देऊन जुने कपडे आणते. बाबा तिच्याकडे जातात आणि झोळी भरून परत येतात. तिचं पोरगं तर बाबांच्या मांडीवरून उतरत नाही." गिरणीवाल्याने आवाज खाली आणला. "आपल्याला काय करायचं म्हणा. मोठी माणसं आहेत…"

प्रभंजन पिठाचा डबा उचलायचा विसरला. खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं. संशय खरा ठरायला लागला की अशा माणसाला ऊन पडल्यासारखं बरं वाटतं.

पुढच्या बाजाराला तो बाबांच्या मागोमाग उतरला आणि चिंचेच्या आड उभा राहिला. पार्वताबाईच्या अंगणात बाबा बसलेले दिसले. मांडीवर मूल होतं. ती काहीतरी काढून झोळीत भरत होती. मूल बाबांची दाढी ओढत होतं आणि बाबा ओढू देत होते.

एवढं पाहून तो परत फिरला.

आता त्याला सगळं जुळवता येत होतं. स्वेटर कुणासाठी ते कळलं होतं. संन्याशाचं मूल, आणि त्याचे कपडे शिष्याकडून विणून घ्यायचे. अशा माणसाच्या हातून दीक्षा घ्यायची? त्यापेक्षा धुळ्याला परत जाऊन जमिनीच्या भांडणांचे खटले लढवलेले काय वाईट?

पण पुरावा हवा. स्वेटर त्या मुलाला घालून बघायचा. बसला की बाबांना सगळ्यांसमोर विचारायचं, हे मूल कुणाचं म्हणून. तोवर स्वतः माप विचारायचं नाही. विचारलं तर बाबा सावध होतील.

तो अंदाजाने विणत गेला. बगलेपाशी टाके कमी केले, गळा काढला, खांदे जोडले, कडा शिवल्या. नवशिक्याचं काम होतं. एक कड दुसरीपेक्षा किंचित तिरकी होती. तरी झाला तो स्वेटरच.

सकाळी ऊन ओट्यावर आलं तेव्हा त्याने तो बाबांच्या समोर ठेवला.

"झाला."

"झाला खरा," बाबा म्हणाले. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"पार्वताबाईच्या मुलाला बोलावू या?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बोलाव की," ते म्हणाले.

पार्वताबाई आली, नवरा आला, मूलही आलं. नवऱ्याच्या डोक्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं होतं. त्याने ते बाबांच्या पुढ्यात सोडलं. आत सगळे फाटके स्वेटर होते.

"यावेळी लाल बरेच मिळाले, बाबा," तो म्हणाला. "उसवायला सोपे आहेत."

प्रभंजनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "झोळीत हेच नेता?"

"मग काय सोनं नेतील?" पार्वताबाई हसली. "आम्हाला शहरात जी फाटकी मिळतात ती बाबांना देतो. बाबा उसवतात, विणतात, थंडीआधी वाटतात. ह्याच्या अंगातलंही त्यांचंच आहे." तिने पोराच्या अंगातला निळा स्वेटर ओढून दाखवला. तो त्याला अगदी बेताचा बसला होता.

प्रभंजन तरी हटला नाही. हरलेल्या दाव्यात शेवटचा मुद्दा मांडायची त्याला खोड होती. तो वाकला आणि नवा स्वेटर मुलाच्या डोक्यात घालू लागला.

डोकं गळ्यातून जाईना. मूल भोकाड पसरून रडायला लागलं. पार्वताबाईने त्याला सोडवून घेतलं आणि स्वेटर नुसताच अंगाला लावून पाहिला. खालची पट्टी पार गुडघ्यांच्याही खाली गेली.

"अहो साहेब," ती म्हणाली, "हे कुणाचं माप घेतलंत?"

बाबांनी स्वेटर हातात घेतला. उन्हात मांडीवर पसरला. विताने लांबी मोजली, मग रुंदी.

"गळ्याचे टाके बंद करताना आवळलेस."

"हो."

"माप कुठून आणलंस?"

"अंदाजाने."

"कुणाला पाहून?"

"ह्याच मुलाला. लांबून पाहिलं होतं." प्रभंजनचा आवाज चढला. उलटतपासणी त्याने पुष्कळ केल्या होत्या, स्वतः पिंजऱ्यात कधी उभा राहिला नव्हता.

"लांबून केवढं वाटलं?"

"एवढं."

त्याने हात पुढे केला. पंजा सपाट, कमरेच्या जरा खाली.

पार्वताबाईचं मूल शेजारीच उभं होतं. त्याचं डोकं प्रभंजनच्या गुडघ्याच्या थोडं वर येत होतं. पंजा त्याच्या डोक्यापासून पुष्कळ वर, रिकाम्या हवेत थांबला होता.



पंजा थांबला आणि त्याची बोटं आपोआप थोडी वाकली. केसांतून भांग चाचपावा तशी. घरातून निघाला त्या सकाळी शाल्मली दारात त्याच्या कमरेशी उभी होती. "कुठे चाललात?" असं तिने विचारलं होतं आणि तो "गावाला" म्हणाला होता. तिच्या डोक्यावर असाच हात ठेवला होता त्याने. अगदी एवढ्याच उंचीवर.

त्याला हात मागे घेता येईना. आधी त्याची त्याला लाज वाटली, मग लाजही वाटेनाशी झाली.

पार्वताबाईच्या नवऱ्याने मूल कडेवर घेतलं. दोघं पायऱ्या उतरून निघून गेली.

"बाबा…" प्रभंजन कसाबसा म्हणाला. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. मागे बायको आहे, मुलगी आहे."

बाबांनी गाठोड्यातला एक लाल स्वेटर काढला आणि त्याच्या शिवणीचा धागा शोधू लागले.

"मी तुमच्यावर संशय घेतला. चिंचेआड उभा राहून पाहिलं."

"पाहिलं मी," बाबा म्हणाले. "सावली लांब पडली होती तुझी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

बाबांना धागा सापडला. त्यांनी तो हलकेच ओढला आणि एक ओळ सुटली.

"माझी दीक्षा… आता काय होईल?"

बाबांनी मांडीवरचा त्याचा घट्ट, वाकड्या कडेचा स्वेटर उचलून त्याच्या हातात दिला.

"बगलेपर्यंत उसव, वकील. मूल आता वाढलं असेल."