अकरा मिनिटांची चाचणी

"म्हणजे 'मेक' टाकून 'जस्ट' घ्यायचा, एवढंच ना?" खांबेटे सरांनी विचारलं.

"एवढंच नाही, सर. दोष 'मेक'चा होता असं अहवालात लिहायचंय. आणि खाली तुमची सही हवी. बारा वर्षांपूर्वी आपल्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या चालवायला तो तुम्हीच निवडला होता."

निरंजन गायतोंडे बोलून गेला आणि त्याचं त्यालाच ते टोचलं. पण शब्द मागे घ्यायची त्याला सवय नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याला तोंडावर म्हणणारं टीममध्ये कुणी उरलं नव्हतं.

सर मिरजेत एकटेच राहत. नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. ज्यांनी निरंजनला प्रोग्रामिंगची बाराखडी शिकवली, ते आता भिंतीला धरून दारापर्यंत येत.

"झालं काय, ते सांग."

झालं होतं ते वाईट होतं. रक्ताचा रिपोर्ट धोक्याचा आला की पेशंटला मेसेज जावा, हे त्यांच्या सॉफ्टवेअरचं काम. कोडमध्ये काही बदललं की 'मेक टेस्ट' अशी आज्ञा द्यायची, मग सगळ्या चाचण्या चालत. पण मेकला एक जुनी खोड आहे. दिलेलं नाव तो फाइलचं समजतो, आणि त्या नावाचं काही आधीच असलं, तर 'तयार आहे' म्हणून काही न चालवताच मोकळा होतो.

मार्चमध्ये निरंजनने आवराआवर केली आणि 'टेस्ट' नावाचा फोल्डर केला. त्या दिवसापासून एकही चाचणी चालली नाही. जूनमध्ये कुठल्याशा बदलाने मेसेज बंद पडले. कुणाला पत्ता नाही. हौसाबाई कोष्टी नावाच्या पेशंट बाई गेल्या, तेव्हा कळलं.

"जस्ट हेच काम करतो, पण त्यात असं होत नाही, सर. तिथे नाव म्हणजे फक्त आज्ञा."

"खरंय. घ्या जस्ट. चांगला आहे."

निरंजनला हायसं वाटलं. त्याने कागद पुढे सरकवला.

"लॅपटॉप आणलायस? तीच आज्ञा दे बरं. तो फोल्डर आहे ना अजून?"

"आहे."

त्याने आज्ञा दिली. सर मान कलती करून ऐकत राहिले...

"काहीच चाललं नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लॅपटॉपचा पंखा फिरला नाही. चाचण्या चालल्या असत्या तर घरघरला असता."

निरंजनने पुन्हा एकदा आज्ञा देऊन पाहिली.

"पूर्वी किती वेळ लागायचा?"

"अकरा मिनिटं."

"आणि मार्चपासून?"

"लगेच... लगेच संपत असणार."

"असणार?"

"मी तिथे नसायचो, सर. कुणीच नसायचं. आज्ञा दिली की आम्ही चहाला जातो. टेस्टचा चहा म्हणतात आमच्याकडे. परत आलं की बघायचं. लाल अक्षरं नसली की पास."

"खाली एक ओळ येत असेल ना?"

"येते, 'टेस्ट तयार आहे' अशी. ती कोण वाचतो..."

सर रागावले असते तर निरंजनला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी चाचपडत पेन उचललं.

"सही कुठे करू? माझं बोट ठेव तिथे."

निरंजनने त्यांचा हात धरला. तो थंड होता आणि फार हलका झाला होता. त्याला रडू येईलसं वाटलं.

"त्या बाईंना मेसेज कधी जायला हवा होता?"

"सोमवारी."

"आणि गेल्या कधी?"

"शुक्रवारी. अंगात त्राण नव्हतं, पण घरकाम करत होत्या म्हणे."

"चार दिवस... लॅबला विचारलं नाही कुणी?"

"मुलगा म्हणाला होता, आई, मी फोन करून विचारू का."

"मग? बाई काय म्हणाल्या?"

"ते सांगता सांगता तो रडायला लागला, सर. पुढचं मी विचारलं नाही."

सरांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं. कागद चाचपून निरंजनच्या हातात परत दिला.

"म्हणाल्या असतील, कशाला रे? काही असतं तर त्यांनी कळवलं नसतं का?"