बागेतला ठोक्या

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. एका राज्याच्या टोकाला, ढगांत डोकं खुपसून बसलेल्या डोंगरावर, कॉफीची एक बाग होती. हसलात? का बरं? गोष्टीतल्या राजांनी काय जन्मभर दूधच प्यायचं?

बाग येसबाची. त्याच्या आज्याने लावलेली. कॉफीची झुडपं पुरुषभर उंचीची, आणि त्यांच्यावर फणस, जांभूळ, उंबर असे जुने वृक्ष सावली धरून उभे. भर दुपारी आत शिरलात तरी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. फळ लालबुंद झालं की तेवढंच खुडायचं, हिरव्याला हात लावायचा नाही. सावकाश वाळवायचं. आणि पोत्यात दुसऱ्या बागेचा एक दाणासुद्धा मिसळायचा नाही. हे आज्याचे नियम, आणि ते अजून पाळले जायचे. दर साली एक पोतं राजवाड्यात जायचं. राजा पहिला घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "डोंगर आला."

अशी सोन्यासारखी बाग, पण तिच्या मालकालाच तिची भीती वाटायची.

त्याचं असं झालं होतं. बागेच्या अंधारातून कधीकधी आवाज यायचा. टक्. टक् टक्. मग थांबायचा. ऐकणारा श्वास रोखून उभा राहायचा, आणि मग पुन्हा टक्. येसबा लहान असताना एकदा हा आवाज घरामागच्या फणसावरून आला होता, आणि त्याच संध्याकाळी त्याचा बाप गेला. अंगणात गावकरी तिरडीसाठी बांबू तोडत होते, तेव्हाही असाच आवाज होत होता. पोराच्या मनात दोन्ही आवाज एक होऊन बसले. त्याने त्या न दिसणाऱ्याचं नाव ठेवलं ठोक्या.

आणि गाव कसं असतं, तुम्हाला सांगायला नको. एकाने भूत म्हटलं की दुसरा त्याला उलटे पाय लावतो. तोडणीला येणाऱ्या बायका मोठमोठ्याने गाणी म्हणत, ठोक्या ऐकू येऊ नये म्हणून. ऊन कललं की टोपल्या उचलून पळत.

येसबाची बायको सगुणा म्हणायची, "अहो, एखादा पक्षी असेल. एकदा जाऊन बघा तरी."

"बघायला जाऊ? आणि त्याने मला बघितलं म्हणजे?"



एका वर्षी ऐन तोडणीत त्यांची एकुलती एक लेक चंपी तापाने फणफणली. तशी गावातली बरीच पोरं तापली होती. पण येसबाचं लक्ष गावाकडे नव्हतं, कानांकडे होतं. आवाज आधी लांब, ओहोळापलीकडच्या उंबरावर झाला. मग मधल्या जांभळावर झाला. मग एका सकाळी अगदी घरामागे, त्याच फणसावर.

टक्. टक् टक्.

येसबाने पोरीच्या कपाळावरचा हात काढून घेतला. "आला," तो म्हणाला. "माझ्या बापाला नेलं, आता हिला न्यायला आला."

"अहो, काहीतरीच काय बोलता! जरा पाणी द्या इकडे, पट्टी सुकली."

पण त्याने पाण्याऐवजी कुऱ्हाड उचलली. वर पाहायची हिंमत नव्हती, म्हणून डोळे बुंध्यावर ठेवून तो घाव घालत सुटला. दिवस मावळता मावळता फणस कोसळला. आवाज बंद झाला. आणि दुसऱ्या दिवशी चंपीला घाम फुटला, ताप उतरला, तिने पेज मागितली.

त्या आठवड्यात गावातल्या सगळ्याच पोरांचे ताप उतरले, तेही फणस न तोडता. पण भ्यालेल्या माणसाला शेजारचं घर दिसत नसतं. येसबाने लाकूडतोडे बोलावले. "एकही ठेवू नका," तो म्हणाला. "त्याला बसायला फांदीच नको."

सगुणा विनवून थकली. "आज्याने हे वृक्ष आधी लावले आणि कॉफी मागाहून. काही विचार असेल ना त्यांचा?"

"आज्याला लेक नव्हती," येसबा म्हणाला.

शेवटी ओहोळापलीकडचा उंबर उरला, तेव्हा ती चंपीला कडेवर घेऊन त्याला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला तोडा, मग ह्याला." लाकूडतोडे चुळबुळले. येसबाने मनात अंतर मोजलं. उंबर घरापासून लांब होता. "राहू दे तो एक," तो म्हणाला.

मग बागेत ऊनच ऊन झालं. पहिल्या वर्षी झुडपं फळांनी वाकली. असा बार कोणी पाहिला नव्हता. गाव म्हणालं, "येसबा, नशीब काढलंस गड्या!" बायका गाणी न म्हणता तोडणी करू लागल्या. येसबा गाढ झोपू लागला. फक्त राजवाड्यात एक गोष्ट घडली. राजाने घोट घेतला, डोळे मिटले, थोडा वेळ वाट पाहिली, आणि काहीच न बोलता पेला खाली ठेवला.

पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली. पाणी घातलं, शेण घातलं. उपयोग शून्य. दुपारी झुडपं माना टाकायची आणि संध्याकाळीही वर करायची नाहीत. येसबा ओळीओळीने फिरायचा. पूर्वी भीतीला निदान आवाज होता. आता बागेत चिटपाखरू बोलत नव्हतं, आणि ही शांतताच त्याला खायला उठायची.

एके दिवशी चंपी एका झुडपाच्या बुंध्याला कान लावून बसली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ह्याच्या पोटात कोणीतरी खातंय."

येसबाने कान लावला. आत कुर्रर्र असा आवाज होता. बारीक, सावकाश, न थांबणारा. तो शेजारच्या झुडपाकडे धावला. तिथेही कुर्रर्र. त्याच्या पुढच्यातही. सगळ्या ओळीत, ज्याला कान लावावा त्याच्यात. त्याने एक खोड चिरलं. आत भुसाच भुसा होता, आणि त्यात एक जाडजूड पांढरी अळी वळवळत होती. उन्हाला सोकावलेले भुंगेरे उघड्या खोडांवर अंडी घालून गेले होते, आणि त्यांची पिल्लावळ त्याची बाग आतून पोखरत होती.

"अरे देवा!" तो मटकन खाली बसला.

आणि तेवढ्यात ओहोळापलीकडून आवाज आला. टक्. टक् टक्.

येसबा घराकडे पळणार होता. पण गमावण्यासारखं आता राहिलं होतं तरी काय? तो उठला. ओहोळ ओलांडून तो जन्मात पहिल्यांदा त्या आवाजाकडे गेला. उंबराखालची कॉफीची झुडपं हिरवीगार उभी होती. त्यातल्या एका खोडाला, लाल तुऱ्याचा एक सुतार पक्षी चिकटला होता. त्याने टक् केलं, कान दिला, चोच आत घातली आणि एक पांढरी अळी ओढून काढून गिळली.

"तू?" येसबा म्हणाला. "तू ठोक्या?"

"नाव तू ठेवलंस," पक्षी म्हणाला. "मी जेवत होतो."

"माझ्या बापाला कोणी नेलं मग?"

"ते मला काय माहीत? त्या दिवशी तुमच्या फणसावर माझा बाप होता. फणसात किडा होता, म्हणून तो आला होता. तुझ्या बापाला तो ओळखतही नव्हता."

येसबाने हात जोडले. "चुकलं माझं. आता चल ना रे पलीकडे! बाग मरतेय माझी. हवं तेवढं खा."

"कसा येऊ? माझी ढोली तू चुलीत घातलीस. उघड्यावर आलो की ससाणा मला उचलतो. भीती मलाही वाटते बाबा. पण ज्याला मी भितो, त्याला मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे."



ओहोळाच्या अलीकडची, घराकडची सगळी झुडपं उपटून जाळावी लागली. आज्याच्या बागेचा धूर गावावरून गेला आणि येसबा लहान पोरासारखा रडला. त्या साली उंबराखालच्या झुडपांचे दाणे एका पोटलीत मावले. शेजारी म्हणाला, "आमचे मिसळ थोडे. राजाला काय कळतंय?" येसबाने नकाराची मान हलवली. तेवढा एक नियम तरी त्याला मोडायचा नव्हता.

राजाने घोट घेतला, डोळे मिटले. "डोंगर आला," तो म्हणाला. मग त्याने पोटलीकडे पाहिलं. "पण एवढासाच?"

"महाराज," पोटली घेऊन आलेली सगुणा म्हणाली, "डोंगर तेवढाच उरलाय."

मग येसबाने फणस लावले, जांभळं लावली. रोपं घोट्याएवढी होती. त्यांच्या सावलीत कॉफी खुडायला आपण नसणार, हे त्याला माहीत होतं. भीती काही त्याला सोडून गेली नाही, तिने फक्त दिशा बदलली. रोज संध्याकाळी तो ओहोळाकडे कान लावून ओट्यावर बसायचा. टक् ऐकू आलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. एखाद्या दिवशी उशीर झाला की तो घाबराघुबरा होऊन आत यायचा.

"सगुणा, अगं, आज ठोकलं नाही."

"ठोकेल," ती म्हणायची, आणि मग तीही हातातलं काम थांबवून ऐकत राहायची.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: ज्याची भीती वाटते त्याच्यावर कुऱ्हाड उचलण्याआधी, ते आहे तरी कोण, एवढं एकदा जवळ जाऊन पाहावं.