सतरा प्रमुखांतला प्रमुख

“सतरा प्रमुखांतला खरा प्रमुख कोण, ते उद्या सकाळपर्यंत शोध! पण कुणाचा हुद्दा काढून घ्यायचा नाही, कुणाला दुखवायचं नाही. नाही जमलं, तर सोमवारपासून येऊ नकोस!”

अच्युतराव भडभड्यांनी वृंदा खरातला फर्मान सोडलं. त्यांच्या कोल्हापुरातल्या सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती, आणि अजून कायमही झाली नव्हती.

चूक तिच्या हसण्याची. कुणी पगारवाढ मागितली, की अच्युतराव त्याला मोठा हुद्दा देत. खर्च काय तो पाटीचा! बघता बघता प्रोग्रामची रचना ठरवणारे ‘प्रमुख आर्किटेक्ट’ सतरा झाले. त्या दिवशी दूध संघाचे अध्यक्ष आले. संघाचं सगळं दूधसंकलन या कंपनीच्या प्रोग्रामवर चालायचं. “अडलंनडलं तर बोलायचं कुणाशी? यातले प्रमुख कोण?” त्यांनी विचारलं. सतरा हात वर झाले, आणि वृंदाला हसू फुटलं!

वृंदाने फळ्यावर एवढंच लिहिलं : ‘लक्ष्मीपूजनाला दूध संघाच्या अडचणींसाठीचा फोन प्रमुख आर्किटेक्ट सांभाळतील. त्यांनी तो माझ्याकडून न्यावा.’

चहा संपायच्या आत तिच्या टेबलाशी गर्दी!

“वृंदाताई, मी आपला नावाचा प्रमुख!”

“मी नुसत्या मीटिंगा घेतो गं. प्रोग्राम ढवळ्यांना विचार!”

सोळा जण आले, सोळाही जणांनी ढवळ्यांचं नाव घेतलं. शेवटी नागनाथ ढवळे आले आणि त्यांनी हात पुढे केला.

“दे. दर वर्षी मीच घेतो. म्हशींना कुठली दिवाळीची सुट्टी! यंदा लेकीचा दिवाळसण आहे... पण बघू.”

वृंदाने फोन दिला नाही.

सकाळी तिने सगळी हकिगत सांगितली. अच्युतराव खूश झाले.

“शाब्बास! ढवळ्यांना आता ‘महाप्रमुख’ करतो!”

“नको साहेब. वर्षभरात महाप्रमुखही सतरा होतील!”

“मग काय देऊ?”

“लक्ष्मीपूजनाची सुट्टी. जावई येतोय त्यांचा.”

“आणि फोन?”

वृंदाने तो त्यांच्यापुढे ठेवला. “तुमच्या दारावर ‘सर्वप्रमुख’ अशी पाटी आहे, साहेब!”

“अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!”

“मदतीला सोळा प्रमुख आहेत की!”

अच्युतरावांनी दाराकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि खुर्ची हलेपर्यंत हसले. मग फोन खिशात टाकत म्हणाले,

“ढवळ्यांना सांग, जावयाला घेऊन मजेत दिवाळी करा. आणि तू सोमवारी ये. कायमची!”